सहकाऱ्यांना मदत करताना स्वतःचे काम मागे राहते. नकार द्यावा तरी कसा?

प्रश्न : नवी_महसूल_सहायक

नमस्कार. मराठवाड्यातील एका तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू होऊन मला चौदा महिने झाले. ही माझी पहिलीच नोकरी आहे. माझ्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे संकलन (कार्यालयात एकेका विषयाच्या टेबलाला आम्ही संकलन म्हणतो) आहे, म्हणजे विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेली माणसे यांचे अर्ज तपासून ते तालुक्याच्या बैठकीपुढे ठेवण्याचे काम. रुजू झाले तेव्हा या संकलनाची मला काडीचीही माहिती नव्हती. ती दिली शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी. त्यांची नोकरी पंचवीस वर्षांहून अधिक झाली आहे. टिपणीची सुरुवात कशी करावी, अर्जदाराला त्रुटी कळवायच्या तर त्या सगळ्या एकाच पत्रात का कळवाव्यात, वयाचा कोणता पुरावा ग्राह्य धरावा आणि कोणता नाही, हे सारे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला सारून शिकवले.

भाऊसाहेबांना संगणकावर मराठी टंकायला फार वेळ लागतो, म्हणून त्यांच्या टिपण्या आणि पत्रे मी टंकून देऊ लागले. ते पाहून आणखी दोन संकलनांची पत्रे माझ्याकडे येऊ लागली, मग तक्ते, मग दर सोमवारचे गोषवारे. मी कोणालाच नाही म्हटले नाही. एकदा रावसाहेब, म्हणजे आमचे नायब तहसीलदार, सर्वांसमोर म्हणाले की ही मुलगी गोड स्वभावाची आहे, कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता.

गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे झाले आणि बाधित शेतकऱ्यांच्या याद्या संगणकात भरण्याचे काम शेजारच्या संकलनावर येऊन पडले. ते काम तातडीचे होते यात शंका नाही. मी सलग आठ दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत बसून याद्या भरल्या. त्या आठ दिवसांत माझ्याकडचे अकरा अर्ज तपासायचे राहिले आणि बैठकीपुढे गेलेच नाहीत. त्यांतील एक अर्जदार बाई दोन एसट्या बदलून तालुक्याला येतात. त्यांना आता पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागेल असे सांगताना मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना.

त्यानंतरच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी एक टिपणी टंकून मागितली तेव्हा मी, "आज जमणार नाही, माझेच काम पडून आहे," असे तुटकपणे म्हणून गेले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात. डबा खायला आता ते बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकच्या, खोलीत बसतात. मला त्यांचे मन दुखवायचे नव्हते, आणि त्या बाईंचा अर्ज पुन्हा मागे ठेवायचाही नाही. चांगला सहकारी असणे म्हणजे नेमके काय, आणि नकार कोणत्या शब्दांत द्यावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त_अव्वल_कारकून

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तुमच्या जागी मी होतो आणि तुमच्या भाऊसाहेबांच्या जागीही होतो. पश्चिम महाराष्ट्रात महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आहे.

आधी कायद्याचे सांगतो, कारण आपल्या खात्यात भिडेचे उत्तर पुष्कळदा नियमात सापडते. बदल्यांच्या विनियमनाचा आणि कामातील विलंब रोखण्याचा जो २००५ चा अधिनियम आहे, त्याच्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. म्हणजे तुमच्या टेबलावर आलेला अर्ज ही तुमची जबाबदारी आहे आणि उद्या विचारणा झाली तर ती तुम्हालाच होईल. त्या वेळी तुम्ही शेजाऱ्याला मदत करत होतात हे कारण कोणत्याही कागदावर दिसणार नाही. मात्र अतिवृष्टीच्या याद्या ही शेजाऱ्याची खाजगी अडचण नव्हती, ते साऱ्या कार्यालयाचे काम होते. अशा कामाला माणूस देणे हा रावसाहेबांचा निर्णय असतो. पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांच्यापुढे जाऊन, "माझ्याकडे अकरा अर्ज आहेत, बैठक अमुक तारखेला आहे, याद्या आणि अर्ज यांतले आधी कोणते करू?" एवढे विचारले असते, तर त्यांनी एक तर तुम्हाला दोन दिवस मोकळे केले असते किंवा आणखी कोणाला याद्यांवर बसवले असते. असे विचारणे म्हणजे नकार नव्हे आणि तक्रारही नव्हे. जो निर्णय तुमचा नव्हता तो तुम्ही गोड स्वभावापोटी एकटीने घेतलात, आणि त्याचा भार त्या बाईंवर गेला. हे तुम्हाला लागावे म्हणून लिहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच प्रसंग येणार आहे म्हणून लिहितो.

आता भाऊसाहेबांविषयी. तुमचा नकार रास्त होता, परंतु ज्याने स्वतःचा डबा बाजूला ठेवून शिकवले त्याला तो चार माणसांत, उभ्या उभ्या मिळाला, हे त्यांना लागले असणार. आमच्या पिढीच्या कारकुनाला संगणकापुढे अडखळताना जी लाज वाटते ती तुम्हाला बाहेरून दिसत नाही. माणूस नियमात पक्का असतो, त्याच्या टिपणीत साहेबाला एक शब्द बदलता येत नाही, आणि तीच टिपणी टंकून घेण्यासाठी त्याला मुलीच्या वयाच्या सहकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहावे लागते. म्हणून मोबाइलवर संदेश पाठवू नका. कार्यालय सुटताना, आजूबाजूला कोणी नसताना, त्यांच्या टेबलापाशी जा आणि नकाराचे कारण सांगा. अकरा अर्जांची हकीकत त्यांना पुरती ठाऊक नसण्याची शक्यता मला अधिक वाटते.

त्यांना एक गोष्ट अवश्य विचारा. त्यांनी टंकलेखनाची परीक्षा यंत्रावर दिली आहे का? आपल्या पदासाठी मराठीत मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्यांनी ते जुन्या यंत्रावर मिळवले त्यांची बोटे रेमिंग्टनच्या, म्हणजे त्या यंत्राच्या मांडणीच्या, कळांवर पक्की बसलेली असतात. संगणकावर युनिकोड आले, त्याबरोबर इन्स्क्रिप्ट ही कळांची वेगळी मांडणी आली, आणि हातात वेग असलेली माणसे एका रात्रीत अडाणी ठरली. वस्तुतः युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी वापरता येते. ती संगणकात बसवून घेतली की जुनी बोटे पुन्हा चालू लागतात. मला हे निवृत्तीला चार वर्षे उरली असताना एका तरुण तलाठ्याने करून दिले. त्याआधी सहा वर्षे लोक माझी पत्रे मोठ्या आपुलकीने टंकून देत होते, आणि त्यांतल्या एकालाही ही युक्ती सुचली नव्हती.

आता माझी एक चूक सांगतो. जमाबंदीच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या हिशेबाच्या, संकलनावर असताना मी परिपत्रकांची एक वही केली होती. कोणत्या प्रकरणाला कोणता शासन निर्णय लागतो, हे विषयवार लिहिलेले होते. ती वही मी खणात कुलूप लावून ठेवत असे. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हसतमुखाने उत्तर देई, चहाही पाजी, आणि मनात वाटे की माझ्यासारखा सहकारी नाही. वडिलांच्या आजारपणात मला तीन आठवडे रजेवर जावे लागले. परत आलो तेव्हा कळले की माझ्या जागी बसलेल्या गृहस्थाने लोकांना "ते आल्यावर या" असे सांगून परत पाठवले होते, कारण त्याच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडच्या, टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या पद्धतीत स्थायी आदेशांचा एक स्वतंत्र गठ्ठा असतो. तो नेमका यासाठीच असतो, की टेबलावरचा माणूस बदलला तरी त्या टेबलाची बुद्धी जाग्यावर राहावी. मी त्या वहीची नक्कल करून त्या गठ्ठ्यात लावली आणि मूळ वही उघड्या कपाटात ठेवली. माणसे विचारायला येणे कमी झाले, चहाही कमी झाला, काम मात्र माझ्यावाचून चालू लागले. भाऊसाहेबांनी तुम्हाला तोंडी जे शिकवले ते तुम्ही असेच लिहून काढा आणि तपासायला त्यांच्याच हाती द्या.

उत्तर : रात्रपाळी_परिचारिका

मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. माझे क्षेत्र वेगळे असले तरी 'गोड स्वभाव' या शब्दापाशी मी थांबले, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे सहकार्याची परीक्षा ओव्हर देताना होते. रात्रपाळी संपवून सकाळच्या सिस्टरच्या हाती वॉर्ड सोपवायचा, त्याला आम्ही ओव्हर देणे म्हणतो. खाटेगणिक पुढे जायचे आणि प्रत्येक रुग्णाचे सांगायचे: सलाइन किती वाजता लावले, त्यातले किती गेले, कोणते इंजेक्शन दिले आणि कोणते राहिले, कोणत्या तपासणीचा अहवाल यायचा आहे, कोणाच्या नातेवाइकांना अजून नीट समजावून सांगितलेले नाही. बारा तासांच्या रात्रीनंतर डोळे मिटत असतात, गाडी निघून जाणार असते, आणि तरीही "बाकी सगळे ठीक आहे" या चार शब्दांत ओव्हर न उरकणे हा माझ्या लेखी सहकाऱ्याला दिलेला सर्वांत मोठा मान आहे. काही सिस्टर वॉर्डात फारशा बोलत नाहीत, वाढदिवसाला थांबत नाहीत, पण त्यांच्यानंतर पाळी असली की मी निश्चिंत असते. उलट अत्यंत लाघवी माणसांच्या मागून पाळी घेताना अर्धा तास शोधाशोधीत गेल्याचेही मी अनुभवले आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात या विषयाला एक अख्खे प्रकरण दिलेले आहे. तुम्ही हजर असताना जे करता ते तुमच्या गैरहजेरीतही होईल अशी व्यवस्था लावली नाही, तर चांगल्या शुश्रूषेचे सगळे फळ वाया जाऊ शकते, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. विद्यार्थिदशेत तो मी परीक्षेपुरता वाचला होता. पुढे एका रात्री तो कळला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री डॉक्टरांनी फोनवरून एका औषधाची मात्रा सांगितली. मला ती नीट ऐकू आली नव्हती. पुन्हा विचारले तर ते चिडतील, आणि त्या दिवशी ते आधीच दमलेले होते, म्हणून मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. औषध काढताना हात थांबला. मी बरोबरच्या वरिष्ठ सिस्टरना विचारले आणि त्यांनी मला तत्काळ पुन्हा फोन करायला लावला. मी ऐकले होते त्याच्या निम्मी मात्रा द्यायची होती. रुग्णाला काही झाले नाही. परंतु कोणाचे मन सांभाळण्यासाठी मी शंका गिळली होती, आणि त्यालाच मी तोवर चांगुलपणा समजत होते. तेव्हापासून फोनवरचा प्रत्येक आदेश लिहून घेऊन मी तो मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच फोन ठेवते. सुरुवातीला काहींना ते आवडले नाही. आता तेच डॉक्टर "वाचून दाखवा" असे स्वतः म्हणतात.

वरच्या काकांशी माझा एकच मतभेद आहे. ताईंनी समजूत घालायला जावे हे मला मान्य आहे, पण त्यात क्षमायाचनेचा सूर नसावा. "तुमचे काम मी करणार नाही" आणि "आज साडेचारपर्यंत माझे अर्ज आहेत, त्यानंतर अर्धा तास तुमच्याकडे येते" या दोन वाक्यांत फरक आहे, आणि दुसऱ्या वाक्याबद्दल क्षमा मागण्याचे काही कारण नाही. आमच्याकडे ड्युटी बदलून घेतानाही हाच नियम आहे. कोणी माझी रात्रपाळी घ्या म्हटले, तर त्याच वेळी तिने माझी कोणती पाळी घ्यायची हे ठरते, इन्चार्ज सिस्टरच्या कानावर घातले जाते आणि रजिस्टरमध्ये लिहिले जाते. लिहिलेल्या देवाणघेवाणीत कोणाच्याही मनात अढी राहत नाही.

उत्तर : शाखेतला_माणूस

मी बँकेत आहे. एकच मुद्दा मांडतो, कारण वर तो आलेला नाही आणि तो महत्त्वाचा आहे.

ताई, मदतीच्या ओघात तुम्ही कोणाच्या पासवर्डने काम करत असाल, किंवा कोणाचे डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल तुमच्या खणात असेल, तर ते आजच परत करा. बँकेत व्यवहार भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असतो. या दोन हातांवरच सगळा विश्वास उभा आहे. गर्दीच्या दिवशी "दोन मिनिटे तुझ्या आयडीवरून पास कर" असे म्हणणारा सहकारी वाईट असतो असे नाही, बहुधा तो समोरच्या ग्राहकासाठीच धडपडत असतो. तरीही तेथे नाही म्हणणे हे त्याच्या भल्याचे आहे, कारण चौकशीच्या वेळी दोघांचीही नोकरी पणाला लागते. अशा वेळी मी जागचा उठून त्याच्या काउंटरवर जातो आणि ग्राहकाला माझ्याकडे घेऊन येतो. पासवर्ड मात्र देत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आमच्याकडे संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ कल्पना न देता, किमान दहा कामकाजाच्या दिवसांच्या सलग रजेवर पाठवले जाते. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा आहे. पण मी माझ्या टेबलासाठी त्याचा दुसराच उपयोग करतो. उद्या सकाळी मला येऊ नका म्हणून सांगितले, तर माझ्या जागी बसणाऱ्याला फोन न करता काम करता येईल का, हे मी दर शुक्रवारी निघण्यापूर्वी पाहतो.

उत्तर : पंचायत_समितीतून

आतापर्यंतची उत्तरे उत्तम आहेत, तरी एक गोष्ट न बोललेली राहिली. 'गोड स्वभावाची मुलगी' हे विशेषण त्याच कार्यालयातल्या त्याच वयाच्या मुलाला मिळाले असते का? मी एकवीस वर्षे पंचायत समितीत काढली आहेत. निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणे, शाल आणि नारळ आणणे, पाहुणे आले की चहाचे पाहणे, बैठकीत टिपणे घेणे, ही कामे कोणी कोणाला सोपवत नाही. ती बायकांकडे आपोआप चालत येतात, आणि त्यांची नोंद कार्यविवरण पंजीत, म्हणजे टेबलावरच्या कामाच्या नोंदवहीत, होत नाही. मला ती कामे करायला आवडतात. सेवानिवृत्त होणाऱ्या शिपाईमामांसाठी आम्ही केलेला समारंभ मी कधी विसरणार नाही. परंतु आवडीने करणे आणि गृहीत धरले जाणे वेगळे. आमच्या कार्यालयात आता आम्ही दर महिन्याला एकेकाचे नाव लावतो, आणि पुरुष सहकारीही ती कामे नीट करतात. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, नंतर ती थांबली.

त्या अकरा अर्जांचे मात्र आधी पाहा. भाऊसाहेबांचा रुसवा आठवडाभर थांबू शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : नवी_महसूल_सहायक

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून दाखवल्याखेरीज लिहू नये असे वाटत होते.

अर्ज तपासून झाले. दोन अर्जांत त्रुटी निघाल्या, त्या एकाच पत्राने कळवल्या. दोन एसट्या बदलून येणाऱ्या बाईंचा अर्ज पूर्ण होता. त्यांना पुन्हा फेरी पडू नये म्हणून त्यांच्या गावच्या तलाठ्यांमार्फत निरोप पाठवला. रावसाहेबांना मी अकरा अर्जांची हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. गोषवारे ज्याच्या त्याच्या संकलनाने करावेत असे त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांना सांगितले. दुसऱ्या एका सहकाऱ्याचे डोंगल खरोखरच माझ्या खणात होते. ते परत केले.

भाऊसाहेबांकडे मी कार्यालय सुटताना गेले. माझ्या बोलण्यात क्षमायाचना आलीच, सिस्टर, ती मला टाळता आली नाही. त्यांना अर्जांचे खरोखर काहीच माहीत नव्हते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं, मला सांगायचं होतंस, मी बसलो असतो की तपासायला." हे मला चौदा महिन्यांत एकदाही सुचले नव्हते. संगणकाला हात न लावता ते दिवसाला वीस अर्ज तपासू शकतात.

त्यांची परीक्षा यंत्रावरच झालेली आहे. रेमिंग्टनची मांडणी बसवून घेतली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी चार ओळी टंकल्या आणि जोडाक्षरे चुकली म्हणून पुसून टाकल्या. आता दररोज साडेचार ते पाच मी त्यांच्या शेजारी बसते. काल एक पूर्ण टिपणी त्यांनी स्वतः टंकली. मी लिहून काढलेली संकलनाची माहिती सध्या त्यांच्याकडे आहे. तीन पानांवर लाल शाईने दुरुस्त्या करून ती त्यांनी परत दिली, आणि वयाच्या पुराव्याचा भाग पुन्हा लिहायला सांगितला आहे. बैठकीची तारीख अजून निघालेली नाही. अकरापैकी नऊ प्रकरणांची यादी मी रावसाहेबांच्या टेबलावर ठेवली आहे, आणि त्या बाईंचे नाव तीत पहिले आहे.